चिखल कुणाच्या हाताला?

‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ या विषयावर आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधी ना कधी निबंध लिहिलेला असतो. त्या निबंधात उच्च विचारसरणीवर दोन पाने खर्च होत आणि साध्या राहणीच्या वाट्याला चार ओळी येत : खादीचे दोन जोड, एक वेळचे जेवण, पहाटेचे उठणे आणि गायीचे दूध. ती गाय कुणाच्या गोठ्यातली, तिला वैरण कुणी घातली, तिचे शेण कुणी काढले, हे निबंधात कधीच येत नसे. पुढे मी शिक्षक झालो आणि असे शेकडो निबंध तपासले. त्यांतही ते कधी आले नाही. परीक्षकाला ते अपेक्षितही नव्हते.

गेल्या काही वर्षांत मात्र हा विषय वहीतून उठून जमिनीवर आला आहे. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-बेंगळुरूहून घरी परतलेल्या मुलांनी गावाकडच्या परसात सलग काही महिने काढले; तोडलेली मिरची त्याच दिवशी ताटात पडते याचे त्यांना अप्रूप वाटले. त्याच वर्षी कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्रात ती मुभा नाही आणि गोव्यानेही २०२३ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घातले. तेव्हा सीमेच्या या अंगाला वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणाऱ्यांना चांगले दिवस आले, यात नवल नाही. खानापूरच्या रस्त्याने जाताना पाट्या दिसतात. त्यांवर कौलारू घर असते, एक गाय असते आणि गायीच्या शेजारी माणूस मात्र कुणीच नसतो.

माझ्या पुतण्याला जमीन विकत घ्यायची गरज नाही. वडिलोपार्जित तीस गुंठे पडून आहेत. संगणकाच्या नोकरीत पंधरा वर्षे काढल्यावर त्याच्या मनाने घेतले आहे की तिथे लहानसे घर बांधावे, एक देशी गाय ठेवावी, डझनभर कोंबड्या पाळाव्यात, दोडका-वाल-तोंडली-अळू परसात लावावे. “काका, आयुष्य साधं करायचंय,” तो मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात नखरा नव्हता. नव्वदच्या दशकात ‘चंगळवाद’ हा शब्द आपल्या सगळ्या अंकांतून फार चालला. त्या चंगळीत वाढलेल्या पिढीतल्या कुणाला जर आता पुरे म्हणावेसे वाटत असेल, तर त्याची टिंगल करणे हलकटपणाचे होईल. मला प्रश्न पडला तो वेगळाच. तो ज्याला साधे म्हणतो ते खरोखर साधे आहे, की सुटसुटीत?

हे दोन शब्द आपण सरमिसळ वापरतो. पण त्यांत अंतर आहे. सुटसुटीत म्हणजे ज्यातून चटकन सुटता येते ते. बेंगळुरूचा फ्लॅट या अर्थाने फार सुटसुटीत असतो. कुलूप लावले, किल्ली शेजारी दिली की महिनाभर काशीला जा. गोठ्याला कुलूप लावता येत नाही. सकाळी सहाची धार साडेआठला काढता येत नाही, आणि रविवार हा वार म्हशीला ठाऊक नाही. लग्नकार्याला दोघे मिळून जायचे म्हटले तर धारेला कोण, हा प्रश्न पत्रिका हातात पडल्या क्षणी उभा राहतो. वस्तू कमी करून साधेपणा येतो असे ज्याला वाटते, त्याला जित्राब हे वस्तूंच्या यादीत बसत नाही एवढे आधी सांगितले पाहिजे. जादा खुर्ची देऊन टाकता येते.

आमच्या शेजारच्या अक्का कानडी. त्यांच्या सासऱ्यांपासून आमचा वैरण-खताचा व्यवहार. मी परसू म्हणतो, त्या हित्तल म्हणतात. मधल्या वईवरचा दोडका कुणाचा, यावर दोन्ही भाषांतून वाद होतो आणि शेवटी तो दोन्ही घरांत शिजतो. एकदा दावणीजवळ उभ्या राहून त्या म्हणाल्या, “कै केसरादरे बायि मोसरु.” हात चिखलात बुडाले तर तोंडी दही पडते. सीमाभागातल्या बहुतेक मराठी घरांना ही म्हण ठाऊक असते. ती कष्टाचे महत्त्व सांगते, असा तिचा अर्थ शाळेत सांगतात, आणि तो बरोबरच आहे. पण म्हणीने एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे : हात आणि तोंड एकाच देहाचे आहेत. माझ्या मते साध्या राहणीचा सगळा नैतिक प्रश्न त्या गृहीतात आहे. चिखल एकाच्या हाताला आणि दही दुसऱ्याच्या तोंडी, अशी वाटणी झाली की राहणी कितीही कमी खर्चाची असो, तिला साधी म्हणावे का?

माझे आजोबा तालुक्यात साधे म्हणून ओळखले जात. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेले एकमेव अधिवेशन. तेव्हा ते चोविशीत होते. तिथून आले ते खादी घेऊनच. पुढे जन्मभर दोन धोतरे, दोन सदरे, पायांत गावच्या चांभाराने केलेल्या वहाणा. दिवसातून एकदा भात, रात्री दूध. चहा नाही, तंबाखू नाही. त्यांच्याकडे बघून माणसे सुधारत, असे मी लोकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते खोटे नसावे.

रात्रीच्या त्या पेलाभर दुधासाठी आजी पहाटे चारला उठे. गोठ्यात आठ जनावरे. शेण काढून उकिरड्यावर नेणे, थोडे गोवऱ्यांना ठेवणे, मूत भिजलेली पिंजर बाहेर काढून कोरडी पसरणे, आडाचे पाणी, धार, ताक, लोणी. मग भात कांडणे. पावसाळ्यात आमच्याकडे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही; गोठ्याची जमीन चिकट होते, जनावरांच्या खुरांत सडते, आणि तिथे हळद-तेल घेऊन बसणारीही तीच. तिच्या बोटांच्या बेचक्यांतला चिखल्यांचा पांढुरका रंग मला अजून आठवतो. तिलाही दोनच लुगडी होती. पण तिला कुणी साधी म्हणून नावाजले नाही, कारण तिची राहणी ही निवड नव्हती. ती नुसतीच राहणी होती. मला वाटते, आजोबांच्या साधेपणात खोट नव्हती. मात्र तो अर्धा होता, आणि उरलेला अर्धा ज्या देहाने पुरवला त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

हे काही आपल्याकडचेच नाही. अमेरिकेत थोरो १८४५ च्या जुलैपासून १८४७ च्या सप्टेंबरपर्यंत वॉल्डन तळ्याकाठी एकटा राहिला आणि साध्या राहणीचे जगातले सर्वांत गाजलेले पुस्तक लिहून गेला. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. पैशाचा हिशेब मात्र त्याने सेंटापर्यंत मांडला; आणि त्याच हिशेबात एक प्रांजळ कबुली आहे, की धुणे आणि कपड्यांची डागडुजी बहुतांशी बाहेर होत असे व त्याचे बिल अजून आलेले नाही. ते बिल म्हणजेच माझ्या आजीची बोटे, असे मला ते वाचताना वाटले. पण थोरोने आणखी एक गोष्ट अचूक ओळखली होती. माणूस गुरे राखतो की गुरेच माणसाला राखतात, असा त्याचा सवाल होता, आणि म्हणून त्याने जनावर ठेवलेच नाही. नांगरणीपुरती बैलजोडी व माणूस भाड्याने आणला. एकट्याला हे जमते. ज्याची भाड्याची जोडी आली त्याच्या गोठ्यात वर्षभर कुणीतरी शेण काढत होतेच.

विनोबांनी हा धागा शेवटपर्यंत ताणून पाहिला. १९५० मध्ये पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला आणि बैलाशिवाय, केवळ माणसाच्या हातांनी शेती केली. बैलाची ती ऋषभशेती आणि ही ऋषिशेती, असे त्यांचे शब्द. ज्याच्या तोंडी घास त्याच्याच हाताला माती, याहून सरळ उत्तर असू शकत नाही. मात्र तो आश्रम होता. तिथे तरणे, निश्चयी हात होते, पाळणा हलत नव्हता आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी सासू नव्हती. गृहस्थाला ते उत्तर जसेच्या तसे पेलणारे नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचे दहा गुंठ्यांचे गणित मला त्यापेक्षा आपल्या आवाक्यातले वाटते : पाच माणसांच्या कुटुंबाला नेटकेपणाने जगवायला दहा गुंठे पुरावेत, भांडवल काय तर ऊन, पालापाचोळा आणि स्वतः प्रयोग करून पाहणारी बुद्धी. भाजीपाला, फळे, केळी, हळद, यांच्या बाबतीत परसू माणसाला खरोखरच फार देते. आमच्याकडे ‘हित्तल गिडा मद्दल्ल’ म्हणतात, परसातले झाड औषधाला चालत नाही. पण जेवायला चालते.

गाय आली की मात्र गणित बदलते. पुतण्याला मी ते कागदावर मांडून दाखवले, कारण त्याला आकडे समजतात. तीनशे किलोची देशी गाय दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण खाते. वर्षाचे दोन टनांवर गेले. आमच्याकडे एकरभर भाताची पिंजर दीड-दोन टनांच्या आसपास निघते. म्हणजे तीस गुंठ्यांत उभी राहिलेली गाय एकराहून जास्त जमीन खाते, आणि घर, परसू, आड, वाट जाऊन त्याच्याकडे वैरणीला उरणार दहा-बारा गुंठे. बाकीची वैरण कुणाच्या शेतातून येणार? पूर्वी गायराने होती. ती आता बरीचशी कागदावर आहेत. आमच्या घरी ती अक्कांच्या शेतातून येते आणि बदल्यात आमच्या उकिरड्याचे खत त्यांच्या शेतात जाते. स्वावलंबनाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक घराच्या मागे असा एक शेजार असतो. त्याला मोबदला मिळतो की नाही, आणि मान मिळतो की नाही, हे पाहायला हवे. साधे जीवन एकट्या घराला जमत नाही. त्याला निदान दोन घरे लागतात आणि त्यांचे बोलणे चालू असावे लागते.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला वासरे. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, ही गोष्ट शहरात वाढलेली माणसे मानतात खरी, पण तिचा पुढचा हिशेब करत नाहीत. दीड वर्षाला एक वेत धरले तरी दहा वर्षांत सहा वासरे. त्यांतले तीन खोंड. पूर्वी खोंडाची वाट घरातले सगळे बघत, कारण दोन वर्षांत तो जोखडाखाली यायचा. आता रोपलावणीचा चिखल ट्रॅक्टर नाही तर पॉवर टिलर करतो. खोंड कुणालाच नको. आणि गाय दहा-बारा वर्षांची झाली की भाकड. त्यानंतरही ती पाच-सात वर्षे सहज जगते. तेव्हा एका गायीचा संकल्प म्हणजे दहाव्या वर्षी तीन खोंड, एक-दोन कालवडी आणि एक म्हातारी. पुतण्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पण काका, दूध तर हवंय.”

इथे खरा पेच आहे आणि तो त्याच्या एकट्याचा नाही. कर्नाटकात २०२१ पासून अमलात असलेल्या कायद्याने गाय, बैल, वासरू यांच्या कत्तलीला पूर्ण बंदी आहे. तेरा वर्षांवरची म्हैस तेवढी सुटली. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही बंदीत आला, म्हैस नाही. या कायद्यांवर आपल्या पंक्तीत बसलेल्या दहा जणांची दहा मते असतील आणि ती इथे उगाळण्यात अर्थ नाही. कायदा फार तर सुरी थांबवू शकतो, गव्हाण भरू शकत नाही, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावे. रात्री दावे सोडून महामार्गाकडे हाकललेले खोंड कुणाच्याच हिशेबात नसतात. ज्याने ते हाकलले त्याच्या घरी सकाळी दूध असते.

गांधीजींना हा पेच दिसला होता. बेळगावच्या त्या अधिवेशनाच्या दिवसांतच इथे गोरक्षा परिषद भरली आणि तिचेही अध्यक्ष तेच होते. आणि गायीचे हाल गायीला माता म्हणणाऱ्यांच्याच गोठ्यात होतात, हे त्यांनी त्याआधी पंधरा वर्षे, १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्येच लिहून ठेवले होते. १९१२ साली त्यांनी दूध सोडले. १९१९ मध्ये आजारातून उठताना शेळीचे घेतले आणि ती तडजोड त्यांना जन्मभर टोचत राहिली. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनांत पडून होते. वाचण्याची आशा नव्हती. त्यांनी डॉक्टरांकरवी त्याला सुई देऊन त्याचे प्राण जाऊ दिले आणि ते स्वतः छापून जाहीर केले. त्यावर संतापाची पत्रे आली. तो निर्णय बरोबर होता की नव्हता यावर माझे मत आजही हलते. पण जनावर आपले म्हटले की त्याचा शेवटही आपलाच, तो गोशाळेच्या, दलालाच्या किंवा रस्त्याच्या गळ्यात घालता येत नाही, हे त्या प्रसंगातून मी घेतले.

यावर कुणी म्हणेल, मग गावोगावचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हातारी म्हैस बाजारात नेतो, तो काय पापी? मी तसे म्हणणार नाही. अक्कांच्या घरी म्हैस उतरली की ती जाते. त्या पैशांत थोडी भर घालून दुसरी येते, आणि त्या दुसरीवर नातवाची फी भागते. म्हैस नेतात त्या दिवशी अक्का दाराशी थांबत नाहीत, देवघरात जाऊन बसतात. ज्याला दुसरी वाटच नाही त्याच्याकडे नैतिकतेची पावती मागणारे आपण कोण? पण माझ्या पुतण्याला वाट आहे. त्याच्या हातात पगार आहे, दुधाची पिशवी कोपऱ्यावर मिळते, गाय न ठेवता त्याचे काही अडत नाही. ज्याने हे जीवन गरजेने नव्हे तर मनाच्या समाधानासाठी निवडले, त्याच्या समाधानाची किंमत जनावराने का भरावी? गरजवंताला जी सूट आहे ती हौशी माणसाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे; ते कठोर वाटले तरी मी ते सौम्य करणार नाही. गायीच्या शेवटच्या सात वर्षांची वैरण ज्याने आधी बाजूला काढली नाही, त्याने तिच्या पहिल्या वेताचे दूध पिऊ नये.

आणि हातांचे काय? पुतण्याची पत्नी बँकेत आहे. सहाची धार कोण काढणार, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, एखादी बाई ठेवू. मी म्हटले, ठेव. पण मग तिच्या घरी सहाला कोण, तेही विचारून घे. टॉल्स्टॉय फार्मवर १९१० मध्ये गांधीजींनी नोकर न ठेवण्याचा दंडक घातला होता, तो काही नुसता खर्च वाचवण्यासाठी नव्हे. अर्थात प्रत्येकाला तो पाळता येईल असे नाही, आणि गावातल्या बाईला चार पैशांचे काम मिळणेही वाईट नाही. योग्य पगार, आठवड्याची सुट्टी, घरी न्यायला दूध, असे असेल तर तो सरळ व्यवहार झाला. फक्त त्याला मग नोकरी म्हणावे आणि आपल्या राहणीला साधी म्हणताना जरा थांबावे.

आमच्या गोठ्यात सध्या एकच म्हैस आहे. वय सतरा. तीन वर्षांपूर्वी आटली. बायको आणि मी पाळीने शेण काढतो. माझे गुडघे दुखतात तेव्हा तिची पाळी लांबते आणि ती मला त्याची आठवण करून देते. “सर, विकून टाका की वो तिला. किती दिवस सांभाळतासा?” अक्का दर दिवाळीला विचारतात. मी म्हणतो, बघू. त्याही हसून पिंजरीचा भारा वईवरून अलीकडे टाकतात.

पुतण्याने गेल्या महिन्यात येऊन परसाची जमीन उकरली. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. वाल, तोंडली आणि अळू लावले आहे. कोंबड्यांचे खुराडे त्याने स्वतःच ठोकले, ते एका बाजूला कलते आहे आणि मुंगूस कुठून शिरेल ते मला दिसते, पण त्याचे त्याला कळेल. गायीचे अजून ठरलेले नाही. तूर्त तो अक्कांकडून रोज अर्धा लिटर दूध घेतो. पहिल्या दिवशी त्याने शहराच्या भावाने पैसे पुढे केले, अक्कांनी गावाचा भाव सांगितला, आणि दोघांनी बऱ्याच घासाघिशीनंतर मधला आकडा ठरवला. पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यायचे, आणि म्हैस आटली तरी वैरणीपुरते चालू ठेवायचे, असे त्यानेच सुचवले. अक्का अजून त्याला हो म्हणालेल्या नाहीत.